सोलापूरचे आकाश आणि न पेरलेले ढग

प्रश्न मोहोळ तालुक्यातील एका शेतकरी गृहस्थांचा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: "२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या विमानतळावरून कृत्रिम पावसाची विमाने उडत होती. पाऊस १८ टक्के वाढला, असे पुढे निकालात वाचले. आमच्या शिवारात तर २०१८ साली दुष्काळच होता. काही ढग शास्त्रज्ञांनी मुद्दाम सोडून दिले, असेही ऐकले. हे खरे असेल तर सरकारने एवढा खर्च कशासाठी केला? आणि आता आमच्या पाणीवापर संस्थेने शेजारच्या चार गावांना बरोबर घेऊन, वर्गणी काढून एखाद्या कंपनीचे विमान आणायचे म्हटले, तर ते करावे की नाही?"

माझी ओळख आधी सांगतो, म्हणजे उत्तर कोणत्या बाजूने येत आहे ते आपल्याला कळेल. नोकरीची अठ्ठावीस वर्षे मी सरकारी निधीवर चालणाऱ्या संशोधनात विमानावर बसवायच्या मापन-उपकरणांचे काम केले. सोलापूरच्या प्रयोगाच्या चमूत मी नव्हतो. तोवर निवृत्त होऊन जुळे सोलापुरात परतलो होतो आणि ती विमाने आपल्यासारखीच खालून पाहत होतो. पण त्या विमानांच्या पंखांखाली लटकणारी उपकरणे ज्या जातीची असतात, ती मी वर्षानुवर्षे उघडली, पुसली आणि पुन्हा जोडली आहेत. तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

सोडून दिलेल्या ढगांपासून सुरुवात करू, कारण आपल्या साऱ्या प्रश्नाची किल्ली तिथेच आहे. होय, ढग मुद्दाम सोडले होते. हा प्रयोग पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचा. ही संस्था केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आहे आणि तिचा ढग, हवेतील सूक्ष्मकण व पाऊस यांच्या संबंधांवरचा 'कायपीक्स' नावाचा कार्यक्रम २००९ पासून चालू झाला. पहिल्या टप्प्यात देशभरचे ढग नुसते मोजले गेले, पुढे हैदराबाद तळ धरून काम झाले, आणि चौथ्या टप्प्यासाठी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील आपले सोलापूर निवडले गेले. एक विमान पेरणीसाठी, म्हणजे ढगात पाऊस वाढवणारे कण सोडण्यासाठी, दुसरे मोजणीसाठी, शहराजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात रडार, आणि आसपासच्या गावांत पर्जन्यमापकांचे जाळे अशी मांडणी होती. दोन हंगामांत मिळून पावणेतीनशेच्या आसपास ढग पेरणीयोग्य ठरले. त्यांपैकी १५० ढगांत पेरणी केली आणि १२२ ढग पेरणीयोग्य असूनही तसेच जाऊ दिले.

ज्याच्या उभ्या पिकाला पाणी नाही, त्याला हे ऐकून राग येणे साहजिक आहे. मात्र ही पद्धत आपल्याला परकी नाही. कोरडवाहू शेतीवरचे सरकारी संशोधन सोलापुरात १९३३ पासून चालू आहे, आणि तिथल्या प्रक्षेत्रावर कधी गेला असाल तर खताच्या चाचणीत एक तुकडा बिनखताचा ठेवलेला पाहिला असेल. त्या तुकड्यातली ज्वारी खुरटते, आणि ती खुरटते म्हणूनच शेजारच्या तुकड्याला खताने किती दिले ते कळते. शिवाय बिनखताचा तुकडा कोणता, हे संशोधकाने मनाने ठरवायचे नसते. मनाने ठरवले तर हात नकळत हलक्या जमिनीकडे वळतो. म्हणून चिठ्ठी टाकतात.

ढगांच्या बाबतीत चिठ्ठीची गरज शेतीपेक्षा कितीतरी जास्त आहे, कारण ढगाला बांध नसतो आणि तोच ढग दुसऱ्यांदा येत नाही. श्रावणातल्या एखाद्या दुपारी बार्शीकडून येणारे दोन शेजारचे ढग पाहा. उंची सारखी, बूड सारखे काळे, आणि तरी एक नुसता शिडकावा करून जातो तर दुसरा अर्ध्या तासात ओढे वाहते करतो. निसर्गातच जिथे दसपट फरक पडतो, तिथे पेरणीने पडलेला दहा-वीस टक्क्यांचा फरक एका ढगाकडे बघून कोणालाही सांगता येणार नाही, अगदी त्या ढगाखाली भिजलेल्या माणसालाही नाही. म्हणून अशा प्रयोगांत सहसा असे करतात, की ढगाची खोली, त्यातील पाण्याचे प्रमाण, बुडाखालचा वर चढणारा प्रवाह हे सगळे तपासून 'हा ढग योग्य' असे आधी नोंदवायचे, आणि पेरायचे की सोडायचे हे आधीच बंद करून ठेवलेल्या चिठ्ठीने ठरवायचे. योग्यतेचा निर्णय चिठ्ठी फोडण्याच्या आधी झालेला असतो. हा क्रम उलटला की प्रयोग संपला. मग उरते ते निव्वळ उड्डाण.

आता ढगात नेमके काय करतात ते सांगतो, म्हणजे आकडे वाचताना अडचण येणार नाही. मेघकण इतका बारीक असतो की पावसाचा साधारण थेंब व्यासाने त्याच्या शंभरपट, म्हणजे आकारमानाने दहा लाखपट भरतो. दहा लाख कण एकत्र आल्याशिवाय एक थेंब खाली पडत नाही. सगळे कण एकाच मापाचे असले तर ते एकाच संथ गतीने तरंगतात, एकमेकांवर आदळत नाहीत आणि ढग तसाच पुढे निघून जातो. त्यांच्यात थोडे मोठे कण असले तर ते वेगाने खाली येताना वाटेतल्या लहानांना गिळत जातात आणि थेंब वाढतो. आपल्याकडचा पावसाळी ढग बुडापासून बऱ्याच उंचीपर्यंत उबदार असतो, कारण या दिवसांत शून्य अंशाची पातळीच सुमारे पाच किलोमीटरवर असते. अशा ढगात सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग नाही. ते शून्याखाली काही अंश गेलेल्या पाण्यातच हिमकण तयार करू शकते. इथे पाणी ओढणाऱ्या क्षाराचे, म्हणजे कॅल्शियम क्लोराइडचे कण लागतात. पंखाच्या मागच्या कडेला लावलेल्या नळकांड्या ढगाच्या बुडाखाली पेटवायच्या, वर चढणारा प्रवाह तो धूर आपोआप आत ओढून घेतो, आणि त्या कणांवर जरा जाड मेघकण तयार होतात. ढग आकाशातून निर्माण करण्याचा यात कुठेही संबंध नाही. आलेल्या ढगाला थोडी घाई करायला लावायची, एवढेच हे काम.

आमचे काम मोजणीचे. मेघकण मोजणारे उपकरण पंखाखाली एखाद्या लांबट दुधी भोपळ्यासारखे लटकते. त्याच्या टोकाला दोन छोटे बाहू असतात, त्यांच्यामधून लेझरचा बारीक झोत जातो, आणि झोतातून गेलेला प्रत्येक कण किती प्रकाश विखुरतो त्यावरून त्याचे माप ठरते. हे माप बरोबर येते की नाही, हे पाहण्यासाठी ठरावीक आकाराचे काचेचे मणी वापरतात. 'मणी' म्हटले तरी डोळ्यांना दिसते ती निव्वळ पांढरी भुकटी. पहाटे हँगरमध्ये पंखा बंद करून, श्वास आवरून, ती चिमूटभर भुकटी बारीक नळीतून त्या दोन बाहूंच्या मध्ये सोडायची आणि पडद्यावर आलेख बघायचा. २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मणी टाकले असताना आलेखाचे टोक १७ वर दिसले, तर त्या दिवशीचा सगळा ढग आपण बारीक समजणार आणि 'याला पेरणीची गरज आहे' असा चुकीचा कौल देणार.

एकदा माझ्याकडूनच घोटाळा झाला. मणी टाकले, आलेख जागेवर आला, विमान उडाले, आणि पहिल्याच ढगातून बाहेर पडल्यावर कणांची संख्या एकदम निम्म्यावर आली. उतरल्यावर पाहिले तर उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवरचा एक किडा भिंगावर चिरडून वाळला होता. झाकण काढण्याची वेळ मी दहा मिनिटे आधी साधली होती, तेवढेच निमित्त. त्या उड्डाणाची सगळी मोजमापे बाद केली. पुढे लेखापरीक्षणात एका अधिकाऱ्यांनी विचारले, की इंधन जळाले, वैमानिकाचा भत्ता गेला, मग निष्पत्तीच्या रकान्यात शून्य कसे? मी लिहून दिले, की शून्य लिहिले हीच त्या दिवसाची निष्पत्ती. ते उत्तर त्यांना पटले नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित मलाही पटले नसते. मार्च महिन्यात उपयोगिता प्रमाणपत्र भरताना 'ढग आलेच नाहीत' यासाठी रकाना नसतो, ही सरकारी संशोधनातली जुनीच अडचण आहे.

आता १८ टक्क्यांकडे येऊ. प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार पेरलेल्या ढगांपासून वाऱ्याच्या दिशेने पुढच्या १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के अधिक पाऊस दिसला, आणि काही ठिकाणी ही वाढ ४६ टक्क्यांपर्यंत गेली. हा आकडा वाचून आपल्यापैकी अनेकांनी मनात केलेला गुणाकार असा असतो, की ६०० मिलिमीटरचे १८ टक्के म्हणजे वर्षाला १०८ मिलिमीटर जास्त. हा गुणाकार चुकीचा आहे. वाढ हंगामभराच्या पावसातली नाही. जे ढग योग्य ठरले आणि पेरले गेले, त्यांच्या पुढच्या मर्यादित पट्ट्यातली आहे. आपला जिल्हा जवळजवळ पंधरा हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे एका पेरणीचा परिणाम मोजला तो जिल्ह्याच्या दीडशेव्या हिश्श्यात. त्या पट्ट्यात मोहोळचे शिवार त्या दिवशी होते की नव्हते, हे वाऱ्याने ठरवले. आणि २०१८ सारख्या वर्षी, जेव्हा योग्य ढगच कमी येतात, तेव्हा १८ टक्के कशाचे काढायचे हा प्रश्न उरतोच. दुष्काळात ढग लागतात, आणि दुष्काळ म्हणजेच ढगांचा तुटवडा. या कात्रीतून कोणतेही विमान सुटत नाही.

त्याच निकालात दोन हंगामांत मिळून ८६ कोटी ७० लाख लिटर जादा पाणी मिळाल्याचा आणि ते लिटरमागे सुमारे १८ पैशांना पडल्याचा हिशेब आहे. ८६ कोटी हा आकडा मोठा वाटतो. पण आपण सोलापूरकर पाणी टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत मोजतो, आणि टीएमसीत ते ०.०३ भरते. उजनी धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी आहे. हे पाणी त्याचा सुमारे अडतीसशेवा भाग झाले. दुसऱ्या बाजूने पाहिले, तर ज्वारीला पाच सेंटिमीटरची एक पाळी द्यायला एकरी सुमारे दोन लाख लिटर लागतात, तेव्हा या पाण्यात ४,३०० एकरांची एक पाळी निघाली असती. अर्थात ते सगळे शेतातच पडले असते तर. पाऊस रस्त्यावर, खडकावर, गावठाणात आणि साखर कारखान्याच्या पत्र्यावरही पडतो.

१८ पैशांचे काय? दहा हजार लिटरचा टँकर या दराने १,८०० रुपयांना पडतो. ज्या गावात माणसे-जनावरे टँकरच्या पाण्यावर आहेत, तिथे हा दर अगदीच अशक्य कोटीतला नाही, मात्र टँकर दारात येतो आणि हे पाणी येत नाही. एकरी एका पाळीचा खर्च काढला तर तो ३६,००० रुपये होतो. रब्बी ज्वारीला हा खर्च परवडणारा नाही हे आपल्याला मी सांगायला नको; मालदांडीच्या कडब्यासकट हिशेब केला तरी नाही. स्वदेशी विमान वापरले तर खर्च निम्म्याहून खाली येऊ शकतो, असे त्या अभ्यासात म्हटले आहे. निम्मा केला तरी १८,००० उरतात. हा हिशेब प्रयोगाच्या विरोधात जातो असे मला वाटत नाही. उलट तो आज आपल्याला मांडता येतो, हाच त्या खर्चाचा पहिला परतावा आहे. त्याआधी बाजारात आकडे भरपूर होते, पण ते विकणाऱ्यांचे होते.

पेरणीची विमाने ढग पळवून लावतात, या तक्रारीबद्दल थोडे लिहितो, कारण हा प्रश्न आपण विचारला नसला तरी गावोगावी विचारला जातो. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा ढग घ्या. त्याच्या दर घनमीटरमध्ये अर्धा ग्रॅम पाणी धरले, तर एका क्षणी त्यात पाच लाख लिटर, म्हणजे सुमारे अडीच एकरांच्या एका पाळीइतके पाणी असते. ढग पाणी साठवून ठेवत नाही, तो ते खालून घेत आणि वरून देत राहतो. म्हणून त्याच ढगातून याच्या अनेक पट पाऊस पडू शकतो. अशा ढगाखाली किलो-दोन किलो क्षार जाळल्याने तो उधळून जात नाही. तरी शंका अगदीच खुळी नाही. चुकीच्या मापाचे, फार बारीक आणि फार जास्त कण ढगात गेले तर पाणी अधिक कणांत वाटले जाते, प्रत्येक कण खुरटा राहतो आणि पाऊस लांबतो. पण त्यासाठी विमान लागत नाही. पाचट पेटवल्याचा, धुराड्यांचा आणि गाड्यांचा धूर हेच करत असतो, आणि तोही परवानगीशिवाय.

यापूर्वीचे अनुभव काय सांगतात? आपल्याच शेजारी बारामतीच्या परिसरात १९७३ ते १९८६ या काळात ११ पावसाळ्यांमध्ये याच पुण्याच्या संस्थेने जुन्या डाकोटा जातीच्या विमानातून मिठाची बारीक पूड ढगांत सोडून प्रयोग केला होता. दोन पट्टे आखले होते, मध्ये एक पट्टा मोकळा ठेवला होता, आणि कोणत्या दिवशी कोणता पट्टा पेरायचा हे चिठ्ठीवर होते. निष्कर्ष २४ टक्के वाढीचा निघाला. ११ पावसाळे लागले, हे मुद्दाम लक्षात घ्या. एवढा धीर धरणारा गुंतवणूकदार सरकारशिवाय दुसरा सापडणे कठीण आहे.

इस्रायलची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथे साठच्या दशकातील प्रयोगांनी वाढ दाखवली, त्यावर विसंबून उत्तर भागात कित्येक दशके नियमित पेरणी चालली. पुढे शंका आल्या, म्हणून २०१३ ते २०२० अशी सात वर्षे पुन्हा चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला. वाढ १.८ टक्के निघाली, आणि तीही योगायोगाने येऊ शकेल इतकी पुसट. तेव्हा त्यांनी पेरणी थांबवली. तिथले ढग हिवाळी आणि थंड, आपले पावसाळी आणि उबदार, तेव्हा त्यांचा आकडा आपल्याला लागू करता येत नाही. घेण्यासारखी आहे ती त्यांची हिशेबाची सवय.

अमेरिकेत १९६२ ते १९८३ या काळात चक्रीवादळाच्या ढगांत सिल्व्हर आयोडाइड सोडून त्याचा जोर कमी करण्याचा सरकारी प्रकल्प चालला. १९६९ साली 'डेबी' नावाच्या वादळात पेरणीनंतर वारे ३१ टक्क्यांपर्यंत उतरले आणि सगळ्यांनी पाठ थोपटून घेतली. नंतर वर्षानुवर्षे न पेरलेली वादळे मोजल्यावर लक्षात आले, की वादळाच्या डोळ्याभोवतीची ढगांची भिंत स्वतःहूनच अशी मोडते आणि पुन्हा बांधली जाते, आणि पेरणीला लागणारे अतिशीत, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाणी त्या ढगांत फारसे नसतेच. प्रकल्प बंद झाला. परंतु त्या निमित्ताने घेतलेली मोजमाप-विमाने पुढे दशकानुदशके वादळाच्या पोटात जात राहिली आणि वादळांचे अंदाज त्यामुळे सुधारले. प्रकल्पाचे नाव चुकले, विमाने कामाला आली. सरकारी संशोधनाचा लाभ बऱ्याचदा असा मागच्या दाराने येतो, आणि तो कोणत्याही उद्घाटनाच्या पाटीवर लिहिलेला नसतो.

खर्च सरकारनेच का करावा, याचे माझे उत्तर आता सोपे आहे. पेरलेल्या ढगासाठी पैसे द्यायला कोणीही तयार होईल. न पेरलेल्या ढगासाठी पैसे कोण देणार? कंपनीला उड्डाणाच्या तासावर किंवा जाळलेल्या नळकांड्यांवर मोबदला मिळतो. तिने योग्य ढग सोडला तर तिचे नुकसान होते. गावाने वर्गणी दिली असेल तर सोडलेला ढग पाहून ग्रामसभेत खुर्च्या फेकल्या जातील. आमदारांना तो ढग मतदारसंघात दाखवता येत नाही. २०१९ च्या त्याच पावसाळ्यात राज्य सरकारनेही तेव्हाच्या औरंगाबादेत तळ ठेवून मराठवाड्यासाठी कृत्रिम पावसाची मोहीम चालवली होती. तिच्यासाठी ३० कोटी रुपये मंजूर होते. त्याआधी २००३ आणि २०१५ मध्येही अशा मोहिमा झाल्या. दुष्काळात लोकांना काहीतरी करून दाखवण्याची निकड मला समजते. पण मोहिमेत प्रत्येक हाती लागलेला ढग पेरायचा असतो, त्यामुळे नंतर पडलेल्या पावसातला विमानाचा वाटा किती आणि हस्त नक्षत्राचा किती, हे वेगळे काढायला काहीच शिल्लक राहत नाही. त्याच वर्षी सोलापुरात ढग सोडले जात होते, म्हणून आज बोलायला आकडा आहे.

विमान वाहतुकीतही हेच दिसते. धुक्यात धावपट्टी किती अंतरावरून दिसते ते मोजणारे 'दृष्टी' नावाचे उपकरण बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने हवामान विभागाच्या साथीने विकसित केले. परदेशी उपकरण विकत मिळत असताना ते इथे बनवण्यात कोणत्याही विमान कंपनीला रस असण्याचे कारण नव्हते. आपल्या होटगी रस्त्याच्या विमानतळाजवळची साखर कारखान्याची चिमणी पाडण्यावरून किती वर्षे वाद झाला, २०२३ च्या जूनमध्ये ती पडली आणि २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचे विमान सुरू झाले, हे शहरातल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ आहे. त्याच धावपट्टीवरून देशातला एक महत्त्वाचा मेघप्रयोग उडाला होता, हे मात्र फारच थोड्यांना आठवते.

आता वर्गणीचा प्रश्न. माझे स्पष्ट मत आहे की आपण विमान आणू नये. पाच गावांचे क्षेत्र कितीही धरले तरी पेरलेल्या ढगाचा पाऊस त्याच क्षेत्रात उतरवणे कोणाच्याही हातात नाही, आणि तो शेजारच्या माढ्यात पडला तर आपली वर्गणी माढ्याला गेली. शिवाय एका हंगामाच्या दहा-बारा उड्डाणांतून काही सिद्ध होत नाही. पाऊस आला तर कंपनी श्रेय घेईल, नाही आला तर योग्य ढग नव्हते म्हणेल, आणि दोन्ही वेळा तिला खोटे ठरवायला आपल्याकडे काही नसेल. तरीही गावकऱ्यांचा आग्रहच असेल तर करारात न पेरलेल्या ढगांची नोंद कोण ठेवणार, रडारची मूळ मोजमापे हंगाम संपल्यावर आपल्या हातात मिळणार का, आणि पाऊस मोजणारा माणूस कंपनीच्या पगारावर आहे की दुसऱ्या कोणाच्या, एवढे विचारून घ्या. माझ्या अनुभवात पहिल्या प्रश्नालाच समोरचा माणूस चहा मागवतो.

तेवढ्या पैशांत करण्यासारखे एक काम मात्र आपल्या आवाक्यात आहे, आणि त्याची पुढच्या कोणत्याही सरकारी प्रयोगाला फार गरज पडेल. साध्या पर्जन्यमापकाचे तोंड सुमारे २०० चौरस सेंटिमीटरचे असते, म्हणजे जेवणाच्या ताटाहूनही लहान. एवढ्या तोंडावर आपण पूर्ण महसूल मंडळाचा पाऊस ठरवतो, आणि पीकविम्याचे दावेही त्यावरच भांडतो. पाच गावांत शाळा धरून दहा मापके बसवली आणि रोज सकाळी साडेआठला नोंद केली, तर तीन-चार वर्षांत आपल्या शिवाराचा पाऊस किती ठिपक्याठिपक्यांनी पडतो हे कागदावर येईल. तशी नोंदवही असलेल्या भागातच प्रयोग घ्यायला शास्त्रज्ञांना आवडते, कारण आधीच्या वर्षांचा पाया तयार मिळतो. मापक गच्चीवर बसवू नका. वाऱ्यामुळे पाणी कमी भरते. भिंत किंवा झाड जवळ असेल तर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडा. मागच्या वर्षी मी एका गावातला मापक पाहिला, त्याच्या थेट डोक्यावर कडुलिंबाची फांदी आली होती आणि नरसाळ्यात लिंबोळ्या अडकून पाणी बाहेर सांडत होते. शेजारी उभ्या असलेल्या शिपाईदादांनी सांगितले, की यंदा या मंडळात पाऊस जरा कमीच आहे.